स्ट्रीम कॉपीला बफर किती ठेवता? आणि हा ८१९२० आकडा कुठला?

बाइटवाला:
मंडळी, सी शार्पमध्ये एक छोटं टूल लिहितोय, सर्व्हरवरच्या फाइली उचलायच्या आणि बॅकअप ड्राइव्हवर टाकायच्या. वाचायचं-लिहायचं लूप स्वतःच लिहिलाय, बफर (कॉपी करताना डेटा तात्पुरता ठेवायची मेमरीतली जागा) ८१९२ बाइटचा, कॉलेजपासून हाताला तीच सवय. सिनिअर म्हणतो एक एमबी कर, पळेल. डॉक्युमेंटेशन बघितलं तर कॉपीटूचा (स्ट्रीम कॉपी करायची तयार मेथड) डिफॉल्ट बफर ८१९२०, धड ६४ केबी नाही की १२८ नाही. किती ठेवू? (टेस्टला १०००० बाइटची फाइल टाकली तर कॉपी १६३८४ ची झाली, ते नंतर बघतो, आधी स्पीडचं सांगा.)

घाटावरचा:
८१९२० म्हणजे ४०९६ गुणिले २०. डॉटनेटमध्ये (सी शार्प ज्यावर चालतं ते) ८५००० बाइट किंवा त्यावरचा ऑब्जेक्ट लार्ज ऑब्जेक्ट हीपवर, म्हणजे मोठ्या ऑब्जेक्टसाठीच्या वेगळ्या मेमरीत जातो आणि तिथली साफसफाई फक्त जेन २ कलेक्शनला, म्हणजे क्वचित होणाऱ्या पूर्ण साफसफाईलाच होते. २१ ने गुणलं तर ८६०१६, म्हणून २० वरच थांबलेत. एक एमबीचा बफर एकदाच घेऊन वापरलास तर काही बिघडत नाही, दर फाइलला नवीन घेतलास तर मात्र मेमरी फुगलेली दिसेल.

जुनाखोड:
एकमत कुठेच नाहीये. गो भाषा ३२ केबी घेते, पायथनचं शटिल (फाइल कॉपीचं मॉड्यूल) ३.८ मध्ये ६४ केबी घ्यायचं, आणि विंडोजवर १ एमबी. मी १ केबीचा ६४ केबी केला तेव्हा फरक लगेच जाणवला, पुढे वाढवत गेलो तर फारसा फरक नाही, नुसतं घड्याळ बघत बसलो. आणि तीच फाइल दुसऱ्यांदा कॉपी करून वेळ मोजू नकोस, ती रॅममधल्या कॅशेतून येते, उगाच वाटतं जिंकलो.

कोकणी_कोडर:
अरे स्पीड राहू दे बाजूला, ते कंसातलं कोणी वाचलं का?? १६३८४ म्हणजे बरोबर ८१९२ ची दुप्पट. दुसऱ्या रीडला १८०८ च बाइट आले आणि तू आख्खा बफर राइट केलास, मागचे ६३८४ पहिल्या फेरीतलेच शिळे. रीड जेवढा आकडा परत देतं तेवढेच लिही. नेटवर्कवर तर हे फाइलच्या मध्येच होईल, कारण तिथे रीड कधीही कमी बाइट देऊ शकतं.

बाइटवाला:
आईशप्पथ. टेक्स्ट फाइलच्या शेवटी मधल्याच ओळी परत दिसत होत्या, मला वाटलं फाइलच तशी असेल. लूप उडवला, सरळ कॉपीटू लावलं, डिफॉल्टवर. आता आठवडाभराचे बॅकअप परत घ्यायला लागणार, शनिवार गेला.