प्रतिसाद : केमो थांबवणं म्हणजे काळजी घेणं नव्हे

वर एका ताईंनी लिहिलंय की 2020 मध्ये त्यांच्या आईची केमो "कोरोना झाला तर वाचणार नाही" म्हणून घरच्यांनीच दोन महिने थांबवली. भीती समजते, पण आकडे जरा वेगळं सांगतात.

न्यूयॉर्कमध्ये पहिल्या लाटेत अंडाशय, गर्भाशय, गर्भाशयमुख वगैरेंचे कॅन्सर असलेल्या 121 कोरोनाबाधित बायकांची माहिती तपासली होती. निम्म्याहून जास्त जणींना अ‍ॅडमिट करावं लागलं, 17 दगावल्या. म्हणजे साधारण 14 टक्के, थोडे नव्हेतच. पण केमो चालू असणं किंवा नुकतंच मोठं ऑपरेशन झालेलं असणं, याचा मृत्यूशी संबंध दिसला नाही. अ‍ॅडमिट व्हायची वेळ जास्त आली ती वय चौसष्ट किंवा त्याहून जास्त असलेल्यांवर आणि तीन किंवा जास्त दुखणी सोबत असलेल्यांवर. इम्युनोथेरपीवाल्यांत (कॅन्सरशी लढायला शरीराची प्रतिकारशक्तीच वापरणारे उपचार) मृत्यू जास्त दिसले खरे, पण त्या मोजक्याच होत्या. त्यावरून ठाम बोलू नये.

माझ्या मावशीला अंडाशयाचा. दर एकवीस दिवसांनी पॅक्लिटॅक्सेल-कार्बोप्लॅटिन ही केमोची औषधं. तेव्हा आदल्या दिवशी कोरोनासाठी स्वॅब, सीबीसी (रक्तपेशींची तपासणी), मग पांढऱ्या पेशी बघून हिरवा कंदील. तिसऱ्या सायकलआधी (म्हणजे केमोच्या तिसऱ्या फेरीआधी) पॉझिटिव्ह निघाली. डॉक्टरांनी केमो पुढे ढकलली, रद्द नाही केली. तापापेक्षा तिला डबल मास्कचाच जाच जास्त! बरी झाल्यावर राहिलेल्या सायकली पूर्ण झाल्या.

आणि हो, कोरोनाची लस "केमो संपल्यावर बघू" असं करू नका. तारीख ऑन्कॉलॉजिस्टलाच (कॅन्सरच्या डॉक्टरांना) विचारून घ्या.