शाळेच्या सुरक्षेचा आराखडा करायचा आहे. भिंत आणि कॅमेरे पुरेसे आहेत का?

देवगडची पालक:
नमस्कार. देवगड तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेच्या पालक-शिक्षक संघात मी आहे. शाळेचं नाव लिहीत नाही. मागच्या महिन्यात आठवीतल्या एका मुलाला दहावीच्या मुलांनी साकवावर, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलावर, गाठून मारलं. दंडात कर्कटक घुसलं, टाके पडले. एकजण मोबाइलवर शूटिंग करत होता, ते रात्रीत सगळ्या वाडीत फिरलं. मुलाचे आईवडील मुंबईला, तो आजीकडे असतो. आजीला त्याने 'पडलो' म्हणून सांगितलं. शाळा म्हणते, फाटकाबाहेर घडलं, आमचा संबंध नाही.

आता गावच्या मुंबईकरांचं मंडळ पैसे देतंय. मागचा गडगा काढून चिऱ्याची उंच भिंत बांधायची आणि कॅमेरे बसवायचे. पैसे नाकारायचे नाहीत. पण शाळा सुटते पाचला आणि वरच्या वाड्यांची एसटी येते सहाला. तेवढा वेळ पोरं स्टॉपवर आणि साकवाच्या आसपास असतात. तिथे भिंत काय करणार? पुढच्या बैठकीत मला लेखी आराखडा मांडायचाय. ज्यांनी शाळेत काम केलंय त्यांनी सांगा. त्या मुलाचा चेहरा डोळ्यांपुढून जात नाही.

निवृत्त मुख्याध्यापिका, दापोली:
ताई, भिंतीआधी मुलांकडून नकाशा काढून घ्या. प्रत्येक वर्गात कोरे कागद वाटा, नाव लिहायचं नाही. वर्ग, पटांगण, मुताऱ्या, पाखाडी, स्टॉप, सगळं काढायचं आणि जिथे भीती वाटते तिथे लाल खूण करायची. आमच्याकडे सगळ्यात जास्त खुणा पडल्या मुतारीमागच्या बोळात आणि पावसाळ्यात छत्र्या ठेवायच्या ओट्यावर. तो ओटा कुठल्याच शिक्षकाला सुचला नसता. मधल्या सुट्टीत दोन्हीकडे एकेक शिक्षक उभा राहू लागला आणि तिथला त्रास बराच थांबला.

स्टॉपचंही तसंच करा. एसटी सुटेपर्यंत एक शिक्षक आणि एक पालक, आठवड्याची पाळी लावून. 'फाटकाबाहेर' म्हणणाऱ्यांना एकच विचारा: मूल गणवेशात आहे, पाठीवर दप्तर आहे, घरी अजून पोचलेलं नाही, मग या तासाला ते कुणाचं?

बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचारानंतर २१ ऑगस्ट २०२४ च्या शासन निर्णयात कॅमेरे, तक्रारपेटी, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी हे सगळं आलं आहे. मुलांच्या सुरक्षेसाठी शाळेत नेमायच्या सखी सावित्री समितीचा निर्णय तर मार्च २०२२ चा आहे. तुमच्या शाळेत ती समिती आहे का, शेवटची कधी बसली, ते इतिवृत्तातच बघा. आमची पेटी कार्यालयाच्या दाराशी होती तोवर रिकामीच असायची, कारण चिठ्ठी टाकणारं मूल सगळ्यांना दिसायचं. पाण्याच्या टाकीकडे हलवली तशा चिठ्ठ्या येऊ लागल्या. उघडताना मुख्याध्यापक एकटे नकोत, पालकांतली एक बाई हवीच. आणि अक्षरावरून मूल शोधायचं नाही, हे सगळ्या शिक्षकांसमोर स्पष्ट सांगा. एकदा जरी कुणी शोधलं तरी पेटी कायमची बंद पडेल.

पोलीस पाटील, कुडाळ तालुका:
ताई, लोक म्हणतले 'गावातल्या गावात मिटवूया'. आयकू नको. टाके पडलेत म्हणजे पोलीस ठाण्यात नोंद व्हायलाच हवी. मारणारी मुलंही अल्पवयीन, त्यांचं बाल न्याय मंडळाकडे जातं, तुरुंगात कुणी टाकत नाही. हे त्यांच्या घरच्यांना नीट समजावलं की विरोध कमी होतो. लैंगिक त्रासाचा संशय असला तर मिटवणं हाच गुन्हा. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या, कलम १९ प्रमाणे कळवणं बंधनकारक आहे, आणि हाताखालच्या माणसाचा असा गुन्हा संस्थाप्रमुखाने दडवला तर कलम २१ खाली त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. १०९८ (मुलांसाठीची हेल्पलाइन) आणि ११२ (पोलिसांची तातडीची मदत) हे नंबर वर्गावर्गात भिंतीवर रंगवून घ्या, कागद पावसात टिकत नाही.

समुपदेशक, चिपळूण:
अमेरिकेत १९९९ साली कोलंबाइन शाळेत गोळीबार झाला. त्यानंतर तिथल्या सीक्रेट सर्व्हिसने आणि शिक्षण खात्याने शाळांवरच्या ३७ हल्ल्यांचा अभ्यास करून २००२ मध्ये अहवाल दिला. त्यातल्या सुमारे ८१ टक्के घटनांत हल्लेखोराचा बेत आधीच कुणाला तरी ठाऊक होता, आणि ते बहुतेक वेळा बरोबरीचं मूल होतं. आपल्याकडे बंदुका नाहीत, पण साकवावर गाठणार हे दहावीच्या वर्गात किती जणांना माहीत होतं, ते विचारा. शूटिंगसाठी मोबाइल तयार होता, म्हणजे ठरलेलं होतं. मग त्यातल्या एकाला तरी जाऊन सांगावं असा माणूस शाळेत आहे का? शिक्षकच हवा असं नाही. आमच्या एका शाळेत मुलं पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींना सांगतात. त्या मावशींना प्रशिक्षणात बसवा, बैठकीला बोलवा.

मारणाऱ्या मुलांशीही वेगळं बसून बोला. त्यांना सगळ्यांसमोर छडीने फोडून काढा, असं बैठकीत कुणीतरी म्हणेलच. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षेला मनाई करतं. तो कायदा १४ वर्षांपर्यंतच्या मुलांचा, दहावीचा मुलगा त्याहून मोठा असेल, पण म्हणून छडी योग्य ठरत नाही. मारून मारायचं थांबत नाही, हे मी रोज बघते.

देवगडची पालक:
सगळ्यांचे मनापासून आभार. नकाशे काढून झाले. साकवावर खुणा येणार हे माहीत होतं, पण मुलींच्या कागदांवर कलमांच्या बागेतली पायवाट लाल निघाली. त्याबद्दल उद्याच वर्गशिक्षिका आणि मी मुलींशी बोलणार आहोत, बैठकीची वाट बघत नाही. मंडळालाही कळवलंय, भिंत थोडी कमी उंच करा आणि उरलेल्या पैशांत स्टॉपवर शेड आणि दिवा द्या. मुलाची आई मुंबईहून आली आहे, नोंद झाली.

एक अडचण आहे. एसटी सव्वापाचला आणायची तर अर्ज कुणाच्या नावे करू?

पोलीस पाटील, कुडाळ तालुका:
आगार व्यवस्थापकांच्या नावे. सोबत ग्रामपंचायतीचा ठराव, शाळेचं पत्र आणि त्या मार्गावरच्या पासधारक मुलांची यादी जोड. पोचपावती घेतल्याशिवाय निघू नको.