मदत हवी आहे: पँटोप्राझोल आणि पातळ अँटासिड, किती अंतर ठेवायचं?

नमस्कार मंडळी. आम्ही दारव्हा तालुक्यातले. बाबा ६२ वर्षांचे. डॉक्टरांनी पँटोप्राझोल ४० दिली आहे, सकाळी उपाशीपोटी, खाण्याच्या अर्धा तास आधी. बाबा गोळी घेतात अन् काही न खाता थेट वावरात! मग अकराला भाकर, वर मिरचीचा ठेचा. तो काही सुटत नाही बाप्पा. तीन वाजता छातीत जळजळ, की अँटासिडची गुलाबी बाटली सरळ तोंडाला. झाकणानं मोजणं नाहीच.

गोळी आम्ल तयार होणंच कमी करते, बाटली तयार झालेलं आम्ल तेवढ्यापुरतं मारते, एवढं समजलं. म्हणजे दोन्ही चालत असावीत. पण मध्ये किती वेळ ठेवायचा? शिवाय आई थायरॉईडची गोळी घेते अन् तीही त्याच बाटलीतून दोन घोट मारते. मेडिकलवाला म्हणतो, त्या दोन्हींत चार तास हवेत, नाहीतर गोळी अंगी लागत नाही.

बाबांचं वजन उतरलेलं नाही, शौचाला काळं होत नाही, घास अडकत नाही. तरी ही बाटली किती दिवस चालू द्यायची? बाजाराच्या दिवशी डॉक्टरांकडे जाणारच आहे. तोवर कोणी फार्मासिस्ट, नर्सताई असतील तर सांगा.