चावडीवरच्या पाटीला ‘गुलामीचा दगड’ म्हणणाऱ्यांसाठी

माणदेशी (धागाकर्ता)

खटाव तालुक्यातील आमच्या गावाच्या चावडीचे नूतनीकरण सुरू आहे. त्यानिमित्त ‘गुलामीचे दगड उखडा’ या मथळ्याची एक टिपणी काल फिरत होती. तिचा आशय असा की, चावडीच्या भिंतीत बसवलेली पहिल्या महायुद्धाची संगमरवरी पाटी काढून टाकावी, कारण ती परक्या राजासाठी पगारावर लढलेल्या भाडोत्र्यांची आहे, आणि त्या जागी ग्रॅनाइटचा स्वागतफलक लावावा. रात्रभर चीड आवरली. आता सविस्तर लिहितो.

अशा पाट्या सातारा जिल्ह्यात आणि कोकणात अनेक गावांत आहेत. मजकूर ठरावीक असतो: या गावातून इतके पुरुष १९१४-१९ च्या महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. गावागणिक फक्त आकडे बदलतात. अपशिंगे मिलिटरी या एकाच गावाचे ४६ जण त्या युद्धात कामी आले आणि पुढे ‘मिलिटरी’ हा शब्द गावाच्या नावालाच चिकटला. ज्यांना आपण भाडोत्री म्हणता त्यांचा पगार महिना ११ रुपये होता. माण-खटावात पावसाने दगा दिला की घरातील एक पोरगा पलटणीत आणि एक मुंबईच्या गिरणीत, हा हिशोब कोणत्या राजावरील प्रेमातून निघालेला नव्हता. आजच्या इराकमधील कुत येथे तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात, डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ च्या शरणागतीपर्यंत, १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी अडकल्या होत्या. धान्य संपल्यावर घोडे कापले गेले, तेव्हा धर्म बुडेल म्हणून ते मांस न शिवता कित्येक शिपायांनी उपासमार पत्करली, आणि जे जगले त्यांना कैदी म्हणून वाळवंटातून पायी हाकलत नेले. त्यांना ‘गुलाम’ म्हणण्यासाठी शंभर वर्षांनी पंख्याखाली बसून टंकलेखन करण्याइतकेच धैर्य लागते.

माझा आक्षेप वेगळाच आहे. पाटीवर एकही नाव नाही, केवळ संख्या आहे. इराकमधील बसऱ्याच्या युद्धस्मारकावरही अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली आणि साध्या हिंदी शिपायांचा पलटणवार आकडा दिला गेला. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या समितीने ही विषमता एप्रिल २०२१ मध्ये कबूल केली. तेव्हा पाटी जागेवरच ठेवावी आणि तिच्याखाली, जमतील तितकी, नावे कोरावीत.

वडूजकर

धागाकर्त्यांचे मराठी सुंदर आहे, परंतु त्या सुंदर मराठीत एक साधा प्रश्न बुडून गेला. ती पाटी कोणी लावली? ज्या सरकारने १८५७ च्या सप्टेंबरात साताऱ्याच्या गेंडामाळावर १७ जणांना फाशी देऊन, गोळ्या घालून आणि तोफेच्या तोंडी देऊन मारले, त्याच सरकारने. ज्यांच्या पोलिसांनी ९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूजच्या निःशस्त्र मोर्चावर गोळ्या झाडल्या आणि परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जणांचे प्राण घेतले, त्यांनीच. माझे आजोबा प्रतिसरकारच्या काळात भूमिगत होते. ते घरी येऊन गेले की आजी अंगणात पुन्हा सडा घालत असे, म्हणजे पावलांचे ठसे राहू नयेत. त्या आजोबांच्या नातवाने सम्राटाच्या पाटीला हार घालावा, अशी अपेक्षा असेल तर क्षमा असावी.

शिवाय पैशाचा प्रश्न आहे. ऐंशीच्या दशकात राज्यभर हुतात्मा स्मारके उभी राहिली. आमच्या भागातील एकाला आज कुलूप आहे, आवारात काँग्रेस गवत कमरेएवढे वाढले आहे, आणि स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी ते कापले जाते. आधी ते स्मारक नीट करा, मग बसऱ्याला जा.

सुभेदार (निवृत्त)

मी मराठा पलटणीचा. शिपाई युद्ध निवडत नाही, हे वडूजकरांनी ध्यानात घ्यावे. १० जुलै १९४४ रोजी इटलीत यशवंत घाडगे यांनी शत्रूचे मशिनगनचे ठाणे एकट्याने घेतले आणि तिथेच देह ठेवला, तेव्हा त्यांचे वय २२ होते. ते माणगाव तालुक्यातले. २०२३ साली इटलीतील माँतोने गावाने त्यांच्या नावाने सूर्यघडीचे स्मारक उभारले. ज्यांच्या डोंगरात हे युद्ध झाले त्यांना आमचा माणूस आठवतो, आणि आपण मात्र त्याचा पगार कोण देत होते ते तपासत बसतो.

शिळाप्रेमी

शंभर वर्षांच्या पाटीवरून एवढे रण माजले आहे, आणि सात-आठशे वर्षांच्या युद्धस्मारकांबद्दल या धाग्यावर अवाक्षरही नाही, याचे आश्चर्य वाटत नाही. वाई तालुक्यातील किकलीला भैरवनाथाच्या देवळाच्या आवारात वीरगळांच्या, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या कोरीव शिळांच्या, रांगा आहेत. तळाच्या चौकटीत पडलेला वीर, कधी शेजारी ज्यांच्यासाठी तो पडला त्या गाई, वर लढाई, त्यावर वीराला नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य. गावासाठी मेलेल्या माणसाचा एवढा संपूर्ण वृत्तांत दुसरे कोणते स्मारक देते? आणि धागाकर्त्यांच्या तालुक्यात मी स्वतः काय पाहिले? जीर्णोद्धाराच्या वेळी पायरीला लावलेले वीरगळ पाहिले, एका ठिकाणी धुणे बडवण्यासाठी घेतलेला पाहिला, आणि उरलेल्यांवर ऑइलपेंट. वीर गुलाबी, घोडा निळा, अप्सरा पोपटी. ज्या गावांना स्वतःच्या दगडांची ही किंमत आहे त्यांच्याकडून इंग्रजी पाटीच्या जतनाची अपेक्षा करणे भाबडेपणाचे आहे.

ग्रा. पं. सदस्य

मी याच गावाचा ग्रामपंचायत सदस्य आहे. वाद चालू द्या म्हणून गप्प होतो, परंतु आता गप्प बसवत नाही. शिळाप्रेमी साहेब, आमच्या पारावर दोन वीरगळ आहेत. लग्नाचा नवरदेव आधी तिथे नारळ फोडतो, मग मांडवात येतो. गावाला नवा रंग लागला की त्यांनाही लागतो, कारण घरच्या माणसाला सणाला नवे कपडे करायचे असतात. तुम्हाला ते पुरातत्त्व वाटते, आम्हाला तो आमचा वीर वाटतो. ज्या गावाने तो दगड इतकी शतके सांभाळला त्याला आठवडाभराच्या भटकंतीवर आलेल्या माणसाने अडाणी ठरवावे, ही कोणत्या विद्यापीठाची रीत?

शिळाप्रेमी

अडाणी हा शब्द मी वापरलेला नाही. तो आपल्याला का सुचला याचा विचार आपणच करावा. भावनेबद्दल मला आदर आहे, पण दगडाला भावना कळत नाही. ऑइलपेंटच्या थराने दगडातील ओल आत कोंडते, मग पापुद्रे सुटतात, आणि पापुद्र्याबरोबर कोरीव कामही जाते. दर जत्रेला एक थर चढला की पाच-दहा वर्षांत ढाल कोणती आणि हात कोणता हे सांगता येत नाही. पुढे कोणी हौशी तरुण मंडळ तारेचा ब्रश किंवा ग्राइंडर घेऊन तो रंग काढते, तेव्हा उरलेसुरलेही संपते. शेंदूर, तेल, फुले यांवर माझा आक्षेप नाही.

ग्रा. पं. सदस्य

वा! म्हणजे आता कोणत्या पूजेला परवानगी आहे याची यादी आपण देणार. मग आपल्याच मंडळींचेही सांगतो. मागे एक अभ्यासक शिलालेख वाचायला आले, अक्षर दिसावे म्हणून त्यावर पीठ चोळले, फोटो काढले आणि धुण्याची तसदी न घेता निघून गेले. पुढे किती तरी दिवस तिथे मुंग्यांचे वारूळ होते. शेजारच्या गावातील एक सुटा वीरगळ रात्रीतून नाहीसा झाला. तो कोण्या शेतकऱ्याने धुणे धुवायला नेला नसावा, एवढे मला नक्की कळते. शहरातील बंगल्यांच्या बागांत असे दगड कोठून येतात, हेही एकदा याच पोटतिडकीने लिहा.

शिळाप्रेमी

चोरीचा आरोप माझ्यावर आहे काय, हे स्पष्ट करावे. नसेल, तर वाक्य मागे घ्यावे. पीठ चोळणे चूक आहे, हे मी मान्य करतो आणि ते मी कधी केलेले नाही. स्वच्छ पाणी आणि तिरका उजेड पुरतो. वीरगळ चोरीला जातात हेही खरे आहे, आणि म्हणूनच गावातील प्रत्येक शिळेचे मोजमाप, छायाचित्र आणि जागा यांची नोंद ग्रामपंचायतीत असावी, असे मी वर्षानुवर्षे सांगतो आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने शिल्प किंवा कोरीव लेख पुरावस्तू ठरतो. म्हणजे धागाकर्त्यांची पाटीसुद्धा आता त्या वयात आली, अभिनंदन.

ग्रा. पं. सदस्य

आरोप आपल्यावर नाही. वाक्य मात्र तसेच राहील.

भीमातीर

रंगाचा वाद संपला असेल तर मूळ प्रश्नावर येऊ. नावे कोरण्याचा आग्रह धरणाऱ्यांनी भीमा कोरेगावचा स्तंभ एकदा वाचावा. १८२१ साली पायाभरणी झालेल्या त्या स्तंभावर कंपनीने पडलेल्या शिपायांची नावे कोरली, त्यांत ‘नाक’ हा प्रत्यय असलेली २२ महार शिपायांची नावे आहेत. पुढे शंभर वर्षांनी त्याच साम्राज्याने गावागावांत संख्या लावल्या. मधल्या काळात काय घडले? लढवय्या जातींचा सिद्धान्त आला आणि १८९० च्या दशकारंभी महारांची भरती बंद झाली. गोपाळबाबा वलंगकर आणि पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी त्याविरुद्ध अर्ज केले. महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी केली आणि युद्ध संपल्यावर मोडली. माझे पणजोबा तिच्यात होते. ते परत आले, आणि ज्या चावडीवर त्यांच्या गावाची पाटी लागली त्या चावडीच्या खाली उभे राहून पुन्हा बलुत्याची कामे करू लागले. तेव्हा नावे कोरायची असतील तर कोणाची, हे आधी ठरवा.

वडूजकर

कोरेगाव आलेच. आता हा धागा कुठे जाणार हे दिसते आहे.

भीमातीर

आपण गेंडामाळ आणि वडूज आणता तो इतिहास, मी कोरेगाव आणतो तो विषयांतर. ठीक आहे, एवढे नोंदवून ठेवतो.

कृष्णाकाठ

माझ्या आईकडील पणजीचा नवरा बसऱ्याकडे गेला तो आला नाही. तिला महिन्याला थोडी पेन्शन येई, आणि ती आणायला दीर जात असे, त्यामुळे रक्कम किती होती हे तिला अखेरपर्यंत कळले नाही. चावडीची पायरी त्या काळी बायकांनी चढायची नसे. म्हणजे ज्या पाटीतील आकड्यात तिचा नवरा होता ती पाटी तिने कधी पाहिलीच नाही, आणि पाहिली असती तरी ती इंग्रजीत होती. त्यामुळे या पाट्या गावाच्या दुःखासाठी लावल्या होत्या, हे धागाकर्त्यांचे गृहीतक मला पटत नाही. त्या पुढच्या भरतीसाठी होत्या. १९३९ साली पुन्हा माणसे लागली तेव्हा त्याच चावडीसमोर भरतीचे टेबल मांडले होते, असे आजोबा सांगत. पाटी ठेवावी, जरूर ठेवावी, परंतु ती कशासाठी लावली होती तेही तिच्या शेजारी लिहावे.

माणदेशी (धागाकर्ता)

कृष्णाकाठ ताईंचा भरतीचा मुद्दा मी नाकारत नाही. पण पाटीचा हेतू सरकारचा होता आणि मृत्यू आमच्या माणसांचे होते, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येतात. भीमातीर यांच्याबद्दल एवढेच सांगतो की, नावांच्या यादीत १११ व्या पलटणीचा माणूस येणार नसेल तर त्या यादीला माझा पाठिंबा नाही. परत आलेलेही त्यात असावेत, कारण पाटीत ‘गेलेल्यांचा’ आकडा वेगळा दिलेला आहे. पंजाबातील ३ लाख २० हजार सैनिकांच्या गाववार नोंदी लाहोरच्या संग्रहालयात सापडल्या आणि २०२१ पासून खुल्या होऊ लागल्या. आपल्याकडे घराघरांतील पदके, पेन्शनचे कागद आणि म्हाताऱ्यांच्या आठवणी यांतूनच सुरुवात करावी लागेल. वडूजकरांना माझा प्रश्न आहे: आपले आजोबा भूमिगत असताना त्यांना भाकरी देणाऱ्या घरांत एकही पलटणीतला माणूस नव्हता काय?

वडूजकर

होता. आजोबांचा सख्खा चुलतभाऊ दुसऱ्या महायुद्धात पलटणीत होता आणि रजेवर आला की आजोबांना आपली चप्पल देऊन जात असे. हे मी आपल्या सोयीसाठी सांगत नाही. विचारले म्हणून सांगतो. तरीही पाटीबद्दलचे माझे मत बदललेले नाही. आपणास ती ठेवायचीच असेल तर ठेवा, मात्र तिच्या शेजारी, तिच्याहून लहान नसलेल्या दगडावर, वडूजच्या नऊ जणांची नावे लावा. त्याचा खर्च मी देतो. इंग्रजांच्या पाटीचा खर्च ज्यांना तिचा पुळका आहे त्यांनी करावा.

सुभेदार (निवृत्त)

पाटीखालच्या नावांचा खर्च माझ्या पेन्शनमधून. वडूजकरांचा दगड बसवायलाही मी येतो, हवे तर गणवेशात.

ग्रा. पं. सदस्य

दातृत्वाबद्दल आभार, पण एक अडचण सर्वांना सांगणे भाग आहे. स्वागतफलकाचा ग्रॅनाइट आधीच कोरून आला आहे. ‘गुलामीचे दगड उखडा’ असे लिहिणारे सद्गृहस्थच त्याचे देणगीदार आहेत. फलकावर गावाचे नाव एका ओळीत आहे, आणि खालच्या तीन ओळींत त्यांचे स्वतःचे, वडिलांचे आणि त्यांच्या प्रतिष्ठानाचे नाव आहे, तेही सोनेरी अक्षरांत. संगमरवरी पाटी काढल्याशिवाय तो फलक त्या भिंतीवर मावत नाही. येत्या ग्रामसभेत विषय घेतो. ज्यांच्याकडे पदके आणि पेन्शनची कागदपत्रे आहेत त्यांनी मूळ प्रती घेऊन प्रत्यक्ष यावे. येथे लिहिलेल्या प्रतिसादांची इतिवृत्तात नोंद होत नाही.

शिळाप्रेमी

ग्रामसभेला मीही येतो. संगमरवरी पाटीवर कोणी ॲसिडने किंवा डिटर्जंटने हात फिरवू नये, एवढे तोपर्यंत पाहावे. आणि पारावरच्या दोन वीरगळांची मापे मला घेऊ द्याल काय?

ग्रा. पं. सदस्य

घ्या. नारळ घेऊन या.