मदत हवी आहे: वस्तऱ्याला धार आली की नाही, ओळखायचं कसं?

कृष्णाकाठ (सांगली)
जाणकारांनी जरा लवकर सांगा, रविवारच्या आत हवंय. वस्तरा दगडावर पाजवत 12000 पर्यंत नेला (आकडा जितका मोठा, दगड तितका बारीक). केस लटकवून बघितला तर कधी तुटतो, कधी नुसता घसरतो. नखावर मस्त चावतो. हातावरचे केस निघतात. दाढीला मात्र खरवडतो. तीनदा परत 12000 वर नेला, फरक शून्य. कुठली टेस्ट खरी मानायची तेवढंच सांगा. व्हिडिओच्या लिंका नकोत, सगळं बघून झालंय.

बर_काढा
आधी माहिती द्या. 12000 च्या आधी कुठले दगड? दगड सपाट केले होते का, कधी? पाठीला, म्हणजे धारेसमोरच्या जाड कडेला, टेप लावली होती का? दगडानंतरचा चामड्याचा पट्टा कुठला, त्यावर किती हात (फेऱ्या) मारले? केस कोणाचा, तेल लावलेला की धुतलेला? नखाची टेस्ट कुठल्या दगडानंतर केली?

हळदवाला
कागद कापून बघा. वर्तमानपत्राचा कागद सरसर कापला गेला की धार आली. एवढा विचार कशाला करायचा!

माहुली_संगम (सातारा)
@हळदवाला, कागद कापणं ही सुरीची टेस्ट आहे ओ. 1000 च्या दगडावरून उतरलेला वस्तराही कागद कापतो आणि त्याच धारेनं दाढी केली तर गाल सोलून निघेल. कागदात माती आणि खडूसारखी पूड भरलेली असते, शेवटच्या दगडावरची कड त्यानं मरते ते वेगळंच.

कृष्णाकाठ (सांगली)
1000, 5000, 8000, 12000. दगड नवीनच आहेत, सपाटच असणार. केस मुलीचा, कंगव्यातला. नखाची टेस्ट प्रत्येक दगडानंतर, 12000 नंतरसुद्धा. पट्ट्यावर 20-25 हात मारले. आता सांगा.

बर_काढा
नखाची टेस्ट 12000 नंतर करायची नाही. ती फक्त 1000 पुरती. नख ओलं करायचं, धार टाचेपासून (मुठीकडची बाजू) टोकापर्यंत फक्त स्वतःच्या वजनावर ओढायची. गुळगुळीत सरकली तर बोथट. एकसारखी चावत गेली तर बेव्हल (कडेलगतचा घासलेला उतार) बसलाय. मध्येच अडखळली तर तिथे दात पडलाय. पण प्रत्येक वेळी नख त्या कडेचा वरचा थर दुमडतं. 1000 नंतर पुढचे दगड तो काढून टाकतात, 12000 नंतर काढणारं कोणी उरत नाही. म्हणजे तपासता तपासता तुम्हीच धार घालवताय.

दुसरं, केस 'कधी' तुटतो हे लिहून उपयोग नाही. 'कुठे' तुटतो ते लिहा. टाच, मध्य, टोक आणि मधल्या दोन जागा, अशा पाच ठिकाणी तीन-तीन वेळा करा आणि कागदावर मांडा.

निसणा
लटकत्या केसाच्या टेस्टबद्दल सविस्तर लिहितो, कारण नव्वद टक्के लोक ती चुकीची करतात.

केस शांपूनं धुतलेला आणि पूर्ण वाळलेला हवा. खोबरेल लावलेला केस धारेवरून घसरतोच, त्यात वस्तऱ्याचा दोष नाही. चिमटीत धरल्यावर 2-3 सेंटिमीटर बाहेर राहू दे, जास्त ठेवलात तर तो वाकून पळतो. वस्तरा आडवा, धार वर, हात टेबलावर टेकवून. केस वरून अलगद धारेवर उतरवायचा. ओढायचा नाही, दाबायचा नाही.

निकाल पाच तऱ्हेचे. काहीच होत नाही, नुसता घसरतो. तार घासल्यासारखी खरखर बोटांना जाणवते, पण तुटत नाही. केस उभा चिरतो. क्षणभर अडकून टक् करून तुटतो. आणि शेवटचा, टेकताच आवाज न करता खाली पडतो. चौथ्याला पोचलं की दाढीला पुरे.

केस मुळाकडून धरला आणि टोकाकडून धरला तर निकाल वेगळा येतो, कारण केसावर कौलांसारखे खवले असतात आणि त्यांची एकच दिशा असते. म्हणून एक बाजू ठरवा, तीच ठेवा. लहान मुलीचा केस बारीक आणि मऊ, त्यावर चांगली धारही नापास होते. खरी मेख इथे आहे: तोच केस आधी दाढीच्या नव्या कोऱ्या ब्लेडवर लटकवा. ब्लेडवरही घसरला तर केस बदला, वस्तऱ्याला हात लावू नका.

वाई_घाट
+1 ब्लेडची युक्ती.
अवांतर: कापलं तर तुरटी ओली करून फिरवा.

अंबाबाईतळ
मी तर म्हणतो ब्लेड बदलायचा वस्तरा घ्या. सलूनवाले सगळे तेच वापरतात, प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं अर्धं ब्लेड. रोगराईचा प्रश्न नाही, दगड नको, पट्टा नको.

माहुली_संगम (सातारा)
प्रश्न तो नाहीये.

बर_काढा
@निसणा, सगळं बरोबर, पण केसाच्या टेस्टवर इतकं विसंबू नका. दमट हवेत, म्हणजे आत्ता साताऱ्या-सांगलीत जुलैत, केस मऊ होतो आणि निकाल बदलतो. 8000 नंतर मी म्हणेन हातावरची उंच टेस्ट घ्या. कातडीपासून 5-6 मिलिमीटर वर, हवेत, धार केसांच्या शेंड्यावरून न्यायची. शेंडे टकटक उडाले पाहिजेत, कातडीला न शिवता. कृष्णाकाठ म्हणतात तसं कातडीलगत केस निघणं हे 1000 नंतरच व्हायला हवं, ते शेवटचं प्रमाणपत्र नव्हे.

आणि दोन्ही बाजूंनी करा. एका बाजूनं निघतात, दुसऱ्या बाजूनं नाही, असं झालं तर कड एकीकडे वळलीय. म्हणजे बर (कडेला वळलेला लोखंडाचा बारीक पापुद्रा) आहे.

निसणा
हातावरच्या केसांचंही तेच की! ते काय जुलैत कोरडे राहतात?

बर_काढा
हात टॉवेलनं पुसता येतो. कंगव्यातल्या केसाचा इतिहास कोणाला माहीत.

पुसेसावळी_एक
तुम्ही दोघं भांडा, पण सगळ्यात सोपी टेस्ट कोणी सांगितलीच नाही. घरातले दिवे घालवा, एकच बल्ब ठेवा. धार डोळ्यांकडे, वस्तरा हळू मागेपुढे कलवा. धारदार कड दिसतच नाही, कारण उजेड परतवायला तिला रुंदीच नसते. जिथे पांढरी रेघ किंवा ठिपका चमकला तिथे बोथट आहे. सराफाकडचं 10 पटीचं भिंग मिळालं तर दात पडलेलेही दिसतात. फुकटात काम.

कृष्णाकाठ (सांगली)
बल्बची केली. मधून टोकापर्यंत काही दिसत नाही. टाचेकडे साधारण 1 सेंटिमीटर बारीक पांढरी रेघ आहे. केसही धुऊन घेतला, या वेळी बायकोचा. नव्या ब्लेडवर टक् तुटतो. वस्तऱ्यावर मध्ये दहातले सहा, टाचेला एकही नाही. दाढीतही टाचेकडून जास्त खरवडतो, आता लक्षात आलं. पण मध्येसुद्धा ब्लेडसारखा नाहीच. 12000 चा दगड खराब आहे का? महाग घेतलाय ओ.

बर_काढा
टेपचं उत्तर अजून आलं नाही.

कृष्णाकाठ (सांगली)
टेप लावली होती की. इलेक्ट्रिकची. 8000 पर्यंत. 12000 ला काढली, शेवटचा दगड नाजूक असतो म्हणून.

माहुली_संगम (सातारा)
हे घ्या. सापडलं.

बर_काढा
दगडाला दोष देऊ नका, तुमचा 12000 चा दगड धारेला शिवलेलाच नाही.

हिशेब बघा. वस्तऱ्याची रुंदी 16 मिलिमीटर, पाठीची जाडी 4.8 धरा. बिनटेपेचा कोन साधारण 17 अंश येतो. टेपचा एक थर 0.15, तो पाठीच्या दोन्ही बाजूंना बसतो, म्हणजे जाडी 5.1 झाली आणि कोन 18 च्या थोडा पुढे गेला. 8000 पर्यंत तुम्ही 18 चा बेव्हल घासला. मग टेप काढली, पाठ खाली बसली, दगड बेव्हलच्या मागच्या बाजूला घासायला लागला आणि प्रत्यक्ष कड हवेत राहिली. तिथपर्यंत पोचायला 12000 च्या दगडाला शेकडो हात लागतील, इतकं कमी लोखंड तो काढतो. तीनदा काय, तेरादा न्या. तुम्ही दाढी करताय ती 8000 च्या धारेवर, तीही नखानं मारलेल्या.

खात्री करायची तर परमनंट मार्करनं बेव्हल दोन्ही बाजूंनी काळा करा, बिनटेपेचे पाच हात 12000 वर मारा आणि भिंगाखाली बघा. शाई मागून जाईल, अगदी कडेला केसाएवढी काळी रेघ शिल्लक राहील.

निसणा
टेप लावायचीच कशाला? शंभर वर्षं लोकांनी बिनटेपेचे वस्तरे पाजवले. पाठ आणि धार बरोबर झिजते, कोन आपोआप सांभाळला जातो. वस्तऱ्याची रचनाच तशी आहे.

वाई_घाट
जुन्या सोलिंगेन (जर्मनी) वस्तऱ्याच्या पाठीवर सोन्याचं काम असलं तर? ते घासून टाकायचं?

निसणा
सोनं असेल तर लावा. पण मग पहिल्या दगडापासून शेवटच्यापर्यंत लावा आणि प्रत्येक दगडाला नवी लावा. जुन्या टेपमध्ये आधीच्या दगडाचे कण रुततात आणि ते 12000 वर ओरखडे पाडतात.

माहुली_संगम (सातारा)
टाचेचं राहिलंच. मानेजवळ जो जाड उंचवटा असतो तो दगडावर चढतोय. तो चढला की टाच उचलली जाते आणि शेवटचा सेंटिमीटर दगडाला लागतच नाही. उंचवटा दगडाच्या काठाच्या बाहेर ठेवा, 3-4 मिलिमीटर तरी. पातं तिरपं धरा, टाच पुढे, टोक मागे. मार्कर इथेही लावा, शाई टाचेपर्यंत जाते का ते दहा हातांतच कळेल.

आणि 'नवीन आहेत, सपाटच असणार' हे चालत नाही. दगडावर पेन्सिलनं चौकटी आखा, काचेवर 400 चा पाण्याचा पॉलिश पेपर ठेवून घासा. मधल्या रेघा शेवटपर्यंत राहिल्या तर दगड मध्ये खोल आहे. झाल्यावर नळाखाली नीट धुवा, पेपरचे कण राहिले तर पुढचं सगळं वाया.

पुसेसावळी_एक
टाच हिऱ्याच्या प्लेटवर दोन मिनिटांत घासून सरळ करता येते.

माहुली_संगम (सातारा)
आणि तिसऱ्या मिनिटाला टाचेला खाच पडते. आधी मार्कर, मग बघू.

कृष्णाकाठ (सांगली)
मार्कर केला. काळी रेघ राहिली, दोन्ही बाजूंना. बर_काढा, मानलं तुम्हाला. आता 1000 पासून परत का 12000 वरच टेप लावून?

बर_काढा
बेव्हल बसलेला आहे, 1000 ला मध्ये गरज नाही. पण टाचेसाठी जावंच लागेल. क्रम असा: नवी टेप, 1000 वर टाच पुढे धरून, मार्कर टाचेवरून पूर्ण जाईपर्यंत. मग कातडीलगत हातावर, पूर्ण लांबी, दोन्ही बाजू. टाचेलाही निघाले तरच पुढे. टेप बदला, 5000 वर 40 हात. बदला, 8000 वर 30, उंच टेस्ट. बदला, 12000 वर 20 हात, शेवटचे दहा वस्तऱ्याच्या वजनावर, बोटाचा दाब शून्य. नख विसरा.

निसणा
आणि केसाची टेस्ट पट्ट्यानंतर. 25 हात म्हणजे काहीच नाही. आधी कापडावर 20-30, मग चामड्यावर 50-60. पाठ पुढे, धार मागे, आणि वळवताना पाठीवरच वळवायचं. पाठ उचलली की धार गोल होते.

बर_काढा
मी उलट सांगेन. केस पट्ट्याआधी एकदा आणि नंतर एकदा. आधी केलीच नाही तर दगडानं काय दिलं आणि पट्ट्यानं काय दिलं हे कळणार कसं?

निसणा
दगडावरून उतरलेली कड केसाला अडखळतेच. नवशिक्या घाबरून परत 8000 वर जातो.

हळदवाला
पट्ट्याला कोल्हापुरी चपलेचं चामडं चालतं का? घरात जुना तळ पडलाय.

वाई_घाट
बाभळीची साल आणि हिरड्यानं कमावलेलं असेल तर जात चांगली. कोल्हापुरीच्या 2019 च्या जीआयमध्ये (भौगोलिक मानांकनात) सांगली आणि सातारा जिल्हेही आहेत, त्यामुळे लांब जावं लागणार नाही. पण जुना तळ नको. त्यात खडे रुतलेले असतात, एका हातात धार दातेरी. न वापरलेली पट्टी, 6-7 सेंटिमीटर रुंद, 45-50 लांब मागा.

अंबाबाईतळ
ब्लेडवाला वस्तरा घ्या हो.

कृष्णाकाठ (सांगली)
झालं. टाचेची पांढरी रेघ गेली. पट्ट्यानंतर केस पाचही ठिकाणी टक्, मध्ये एकदा आवाजच नाही. हनुवटीखाली एक टवका गेला, तुरटी कामी आली. सगळ्यांचे आभार. अजून एक वस्तरा सापडलाय ट्रंकेत, त्याची धार मध्ये फुगीर दिसतेय. हाच क्रम चालेल ना? उद्याच करायचाय.

बर_काढा
फुगीर म्हणजे किती? काचेवर ठेवल्यावर दोन्ही टोकं किती उचलतात? पाठही तशीच गोलाईत आहे का फक्त धार? आणि टेप लावणार आहात की नाही ते आत्ताच सांगा.