मालगाडी, जुनी दफनभूमी आणि पानगळीतलं ऊन: फोटोसाठी सल्ला हवा

पाचोळा:
एका जुन्या दफनभूमीच्या कुंपणाला लागूनच रूळ जातात. सध्या झाडं पिवळी-तांबूस झालीत आणि संध्याकाळचं ऊन थडग्यांवर आडवं पडतंय. पुढे थडगी, मागून जाणारी मालगाडी, असा फोटो हवाय. तीन संध्याकाळी जाऊन बसलो. दोनदा इंजिनाचा नुसता काळा ठोकळा आला, तिसऱ्यांदा इंजिन छान पण पुढची थडगी धूसर. फुल फ्रेम कॅमेरा, ३५ आणि ८५ मिमी लेन्स, ट्रायपॉड एवढं सामान आहे. काय चुकतंय?

रूळवेडा:
इंजिन काळं येतं म्हणजे बहुतेक तुमचं तोंड सूर्याकडे आहे. त्याच जागी सकाळी जाऊन बघा. ऊन पाठीशी हवं म्हणून रूळ ओलांडून पलीकडे जायचा विचारही नको. भरलेल्या मालगाडीला थांबायला किलोमीटरहून जास्त अंतर लागू शकतं, चालकाला तुम्ही दिसून काही उपयोग नाही.

एक्स्पोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा ते, मॅन्युअल ठेवा. हेडलाइट फ्रेममध्ये आला की कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर फसतो आणि बाकी सगळं काळवंडतं. गाडी यायच्या आधीच उन्हातल्या एखाद्या दगडावर मोजून घ्या. शटरच्या वेगाचं म्हणाल, तर ताशी ६० किमीने जाणारी गाडी १/५०० सेकंदात सव्वातीन सेंमी सरकते. समोरून तिरकी येत असेल तर तेवढं चालतं, आडवी जाणार असेल तर १/१००० लावा.

कातळ:
धूसर थडग्यांचं उत्तर अंतरात आहे. ३५ ला लेन्सचं छिद्र एफ/८ वर ठेवून पाच मीटरवर फोकस केलात तर अडीच मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं बऱ्यापैकी स्पष्ट येतं. ८५ ला त्याच छिद्रावर फोकस ३० मीटरवर ठेवावा लागतो आणि स्पष्टपणा १५ मीटरपासून पुढे सुरू होतो. तुम्ही थडग्याला खेटून ८५ लावली असणार!

तरी मी ८५ च लावेन. मागे सरकायला जागा असेल तर पहिलं थडगं १५ मीटरच्या पुढे ठेवा. ३५ मध्ये गाडी काडेपेटीएवढी दिसते, ८५ मध्ये ती थडग्यांच्या मागे भिंतीसारखी उभी राहते. ऑटोफोकस बंद.

संथ:
मी उलटं सांगतो. इंजिन सोडून द्या, वाघिणी (मालाचे डबे) घ्या. ट्रायपॉड, १/१५ सेकंद, दगड स्थिर आणि मागे गाडीचा नुसता पट्टा. या जागेला तोच फोटो शोभतो. सातशे मीटरची गाडी ताशी ४० ने गेली तरी मिनिटभर समोर असते, दहा-बारा फ्रेम निवांत मिळतात. उन्हात १/१५ ला फोटो पांढराफटक होईल, म्हणून एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी काळसर काच, हवा. वारा असेल तर पानंही हलतात, ते मला आवडतं, सगळ्यांना नाही.

जाईजुई:
ट्रायपॉडचे पाय थडग्यावर नकोत. उभ्या दगडाला टेकूही नका, जुने दगड बुडाशी सुटलेले असतात. अक्षरं दिसावीत म्हणून शेवाळ खरवडणारे पाहिलेत, दगडाचा पापुद्राच निघून येतो. राखणदार असेल तर आधी विचारा. कुणी दफनाला किंवा फुलं ठेवायला आलं असेल तर कॅमेरा पिशवीत, मग गाडी कितीही देखणी येवो.

पाचोळा:
कातळ, खेटूनच उभा होतो :) अजून एक, माझ्या वाघिणी तिरप्या येतात, जणू पुढे कलल्यात. लेन्सचा दोष?

रूळवेडा:
सायलेंट शटर लावलंय का? त्यात सेन्सर ओळीओळीने वाचला जातो, तेवढ्यात गाडी पुढे जाते. मेकॅनिकल शटर लावा.

पाचोळा:
हो, तिथे खटखट नको म्हणून लावलं होतं.

संथ:
मालगाडीच्या खडखडाटात तुमचं शटर कोण ऐकतंय!

पाचोळा:
तेही खरंच. इंजिनाचा हट्ट काही सुटत नाही, पण एनडी मागून घेतोय. उद्या सकाळी पहिल्या गाडीचं इंजिन, दुसरीच्या वाघिणी. दुसरी आली तर.