एका पोरीच्या घरी तिघी गेलो, तरी पोर दवाखान्यात न्यायची राहिलीच. तुमच्याकडे कामाची वाटणी कशी करता?

पाड्यावरची सेविका
नमस्कार. पालघर जिल्ह्यात अकरा वर्षं अंगणवाडी चालवते. दिवाळीच्या आधीची गोष्ट, अजून डोक्यातून जात नाही.

दीड वर्षाची पोर. मी दंडघेर घेतला, ११.३ सेंटिमीटर. ११.५ च्या खाली म्हणजे सॅम, अतितीव्र कुपोषण. आईला म्हटलं, एनआरसीत, म्हणजे कुपोषित पोरांना ठेवून घेतात त्या केंद्रात, दाखवू. दोन दिवसांनी आशाताई गेली. तिने झबल्याच्या बाहीवरूनच पट्टी गुंडाळली, ११.८ आले. ती सांगून आली, घरीच नीट खाऊ घाल. मग लसीकरणाला नर्सबाई आल्या. "अंगणवाडीत नाव आहे ना, बघतील त्या."

मला वाटलं, दवाखान्यात न्यायचं काम आशाचं. तिला वाटलं, पोर माझ्या रजिस्टरला, तर मीच नेणार. पंधरा दिवस असेच गेले. घरची माणसं भिवंडीकडे वीटभट्टीवर निघायच्या तयारीत. मी गेले तर आई चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. "बाई, तुमचं तिघींचं आधी ठरवा, मग माझ्याकडं या."

पोरीच्या पायावर अंगठा दाबला, खड्डा पडला. दोन्ही पायांवर, म्हणजे कुपोषणाची सूज. त्याच दिवशी गाडी करून नेली. आता बरी आहे.

कोण चुकलं ते विचारत नाही, मीही त्यात आहे. पुन्हा असं होऊ नये म्हणून तुम्ही काय करता?

गटप्रवर्तक
बाहीवरून मोजलं ते चूकच. डावा दंड उघडा करून, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये पट्टी. पण आशाला पगार नाही, थोडं मानधन आणि कामागणिक मोबदला, आणि सर्वे निघाला की आधी तीच आठवते. त्यात एनआरसीची केस कुणाच्या नावावर लागणार यावरून रुसवे. हे कुणी उघड बोलत नाही म्हणून मी लिहिते. माझ्याकडे आता दोघी एकाच वेळी घरी जातात. दोघी मोजतात, आकडा जुळला नाही तर आईला काही सांगायच्या आधी पुन्हा मोजतात.

निवृत्त पर्यवेक्षिका
दोघींनी प्रत्येक घरी जायचं? एवढे पाय कुणाला आहेत!

कागदावर वाटणी आहेच. वजन-उंची, आहार, पोषण ट्रॅकर ॲपवरची नोंद सेविकेकडे. घरभेट आणि सोबत नेणं आशाकडे. तपासून चिठ्ठी देणं आरोग्यसेविकेकडे. गाडी अडते ती एकीचं संपून दुसरीचं सुरू होतं तिथे. महिन्याच्या पोषण दिवशी तिघी एकत्र असताच. तेव्हा एक साधी वही काढा. बाळ, पुढे काय करायचं, कोण, कुठल्या तारखेपर्यंत. "कोण"च्या रकान्यात एकच नाव. "सगळ्यांनी" असं लिहिलेलं दिसलं की मी लाल पेनाने खोडायचे, बायका चिडायच्या. आणि आईशी बोलायचं तेही एकीनेच. जिला ती घरात बसवून घेते तिने, मग हुद्दा कुठलाही असो.

एनआरसीतली सिस्टर
चिठ्ठीवर सेविकेचा फोन नंबर लिहा हो. पोर घरी सोडताना कुणाला कळवायचं तेच आम्हाला कळत नाही. दुसरं, आईला दोन आठवडे ठेवून घेताना घरच्या बाकी पोरांना कोण बघणार, हे आणायच्या आधीच विचारून घ्या. तिसऱ्या रात्री निघून जातात त्या बहुतेक याच पायी. भट्टीवर जाणारं कुटुंब असेल तर मुकादमाचा नंबरही घ्या.

पाड्यावरची सेविका
वही सुरू केली. पहिल्याच ओळीत मी आशाताईचं नाव लिहिलं, तिने खोडून माझं लिहिलं. नर्सबाई हसत सुटल्या. शेवटी नेणं तिच्याकडे, आईशी बोलणं माझ्याकडे. मुकादमाचा नंबर काही मिळाला नाही, पोरीच्या मामाचा मिळाला. पुढचं मोजमाप भट्टीजवळच्या अंगणवाडीत व्हायला हवं, तिथल्या सेविकेला उद्या फोन लावते.